पडद्यावर कोण, पडद्यामागे कोण?

साठच्या दशकाला भारतीय सिनेमाचे सुवर्णयुग म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. 'मुघल-ए-आझम' (१९६०), 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२), 'बंदिनी' (१९६३), 'गाईड' (१९६५) ही नावे घेतली की म्हातारी माणसेही तरुण होतात. पूर्वी या चित्रपटांसाठी मॅटिनी शोची वाट पाहावी लागे. आज ते खिशातल्या मोबाइलवर आले आहेत. ज्याला पाहायचे आहे त्याला ते वस्तीत, वसतिगृहात, लोकलच्या डब्यात कुठेही पाहता येतात. या चित्रपटांची थोरवी आम्ही नाकारत नाही. उलट ते पाहिलेच पाहिजेत, असे आमचे मत आहे. पण सुवर्णयुग म्हटल्यावर आमच्यासारख्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. हे सुवर्ण कुणाच्या घरात गेले आणि ते खाणीतून कुणी काढले?

जुन्या सिनेमाबद्दल आपल्या समाजात आज दोन टोकाच्या भूमिका दिसतात. एक आहे जुन्या पिढीची. तिला त्या गाण्यांनी, त्या नट-नट्यांनी इतके भारून टाकले आहे की त्या पडद्यावर आपण कुठे होतो, हे विचारण्याची गरजच तिला वाटत नाही. दुसरी आहे शिकलेल्या तरुणांची. ते म्हणतात, हा सगळा सिनेमा मनुवादी, ब्राह्मणी. त्यात आपले काय आहे? बघायचाच कशाला? आम्हाला या दोन्ही भूमिका मान्य नाहीत. पहिलीत भक्ती आहे आणि दुसरीत घाई आहे. भक्ती माणसाला आंधळे करते हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले. पण ज्या बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली त्यांनीच ती आधी अक्षर न् अक्षर वाचली होती, हेही विसरता येत नाही. न पाहता नाकारणे हा आपला मार्ग नव्हे.

आधी हे दशक आपल्यासाठी काय होते ते पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मक्रांती झाली आणि अवघ्या काही आठवड्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला आणि मराठी साहित्याची झोप उडाली. डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. बाया-माणसे कडेवर लेकरे घेऊन तुरुंगात गेली. एवढी उलथापालथ चालू असताना पडद्यावर काय चालले होते? काश्मीरच्या बागा, दिवाणखान्यातले पियानो आणि श्रीमंत बापाची मुलगी! मोर्चा, वस्ती, निळा झेंडा यांना त्या पडद्यावर जागा नव्हती.

अस्पृश्यतेवर थेट बोलणारा त्या काळातला गाजलेला हिंदी चित्रपट म्हणजे बिमल रॉय यांचा 'सुजाता'. तो १९५९ चा, म्हणजे या दशकाच्या उंबरठ्यावरचा. १९६० मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. पटकीने आई-बाप गेलेली एक अस्पृश्य तान्ही मुलगी इंजिनिअर उपेनबाबूंच्या घरी वाढते. त्यांची स्वतःची मुलगी रमा कॉलेजात जाते; सुजाता घर आणि बाग सांभाळते. एक 'मुलगी', तर दुसरी 'मुलीसारखी'. या 'सारखी' शब्दात जातिव्यवस्थेचा सगळा सभ्य चेहरा बिमल रॉय यांनी पकडला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. नूतनने तर ही भूमिका जवळजवळ न बोलता उभी केली आहे. तिचे खाली वळलेले डोळे, दारात क्षणभर थबकणे, हे पाहताना आपल्यातल्या कितीतरी आया-बहिणी आठवतात. हा अभिनय ज्याला दिसला नाही, त्याने चित्रपट पाहिलाच नाही असे आम्ही म्हणू.

पण पुढे काय होते? उपेनबाबूंची पत्नी चारू जिन्यावरून पडते, तिला रक्त हवे असते आणि ते फक्त सुजाताचे जुळते. रक्त दिल्यावर चारूचे डोळे उघडतात आणि सुजाता 'मुलगी' होते. आमचा साधा प्रश्न आहे. रक्त जुळले नसते तर? तर सुजाता माणूस नव्हती का? माणूस म्हणून मान्यता मिळवण्यासाठी आमच्या मुलीने आपले रक्त काढून द्यायचे आणि सवर्ण घराने मन मोठे करून ती द्यायची, हा हृदयपरिवर्तनाचा मार्ग आहे. हक्काचा मार्ग वेगळा आहे. म्हणूनच या चित्रपटात सुजाताला घाटावर गांधीजींचा पुतळा भेटतो, गांधीजींची गोष्ट सांगितली जाते. बाबासाहेब मात्र कुठेच नाहीत. धम्मदीक्षेला तीनच वर्षे झाली होती! गंमत अशी की याच चित्रपटात 'चंडालिका' या नृत्यनाट्याचा प्रवेश आहे. आनंद भिक्खूने जिच्या हातचे पाणी मागितले त्या चांडाळकन्येची ही कथा आहे. आणि सुजाता हे नाव तर सिद्धार्थाला खीर देणाऱ्या स्त्रीचे. बुद्धाच्या कथेतली दोन पात्रे पडद्यावर आली, पण बुद्धाचा समतेचा विचार दाराबाहेरच राहिला.

आता याच्या शेजारी ऋत्विक घटक यांचा 'सुवर्णरेखा' ठेवून पाहा. तयार झाला १९६२ मध्ये, लोकांपुढे आला १९६५ मध्ये. फाळणीने उद्ध्वस्त झालेले लोक कोलकात्याजवळ निर्वासितांची वसाहत उभारतात. घर गेले, गाव गेले, देश गेला. पण वसाहतीत कुणाला घ्यायचे आणि कुणाला नाही हे ठरवताना जात मात्र शाबूत! बागदी जातीची एक आई तिथून हाकलली जाते आणि तिचा मुलगा अभिराम मागे राहतो. ईश्वर नावाचा ब्राह्मण त्याला वाढवतो, शिकवतो. ईश्वरची बहीण सीता आणि अभिराम यांचे प्रेम जुळते. पुढे एका रेल्वे स्टेशनवर मरणाच्या दारात पडलेली आपली आई अभिरामला दिसते आणि त्याची जात उघड होते. त्याच वेळी कारखान्याचा सोवळा मालक ईश्वरला भागीदारी देऊ करत असतो. मग उदार, सुशिक्षित ईश्वर मागे फिरतो. पुढे सीतेचा, अभिरामचा आणि स्वतः ईश्वरचाही जो सर्वनाश होतो तो पाहवत नाही. घटक कुणालाही रक्त देऊन वाचवत नाहीत. जात पाळणाऱ्याचे घरही जातच जाळते, हे ते दाखवतात. म्हणून 'सुजाता' पाहून डोळे पुसणाऱ्यांनी 'सुवर्णरेखा' पाहून मान खाली घालायला शिकावे. आणि सगळा जुना सिनेमा एकाच पोत्यात भरणाऱ्या आपल्या तरुणांनी हे लक्षात घ्यावे की त्या काळातही कुणीतरी नीट पाहत होते.

मराठी पडद्याचे काय? तिथे हे दशक तमाशापटांचे. त्याची सुरुवात अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटाने केली. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला आणि मग मराठी सिनेमाने ढोलकी खाली ठेवलीच नाही. फेटा बांधलेला पाटील, फडावरची नाची, दौलतजादा हा ठरलेला साचा झाला. तमाशा ही कला कुणाची? पवळा हिवरगावकर, विठाबाई नारायणगावकर यांची नावे घेतली की उत्तर मिळते. महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी पायाला घुंगरू आणि पोटाला चिमटा बांधून ती जगवली. पडद्यावर मात्र ती आली पाटलाच्या नजरेतून. ढोलकीवाल्याची जात, नाचणारीचे घर, तिच्या लेकरांचे पुढे काय झाले, यात कॅमेऱ्याला रस नव्हता.

इथे चळवळीची बाजूही समजून घेतली पाहिजे. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळाचे पैसे देऊ केले असता बाबासाहेबांनी ते नाकारले, ही आठवण चळवळीत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. आमच्या आया-बहिणींना नाचवून आलेला पैसा नको, हा तो बाणा होता. त्यामुळे तमाशा आणि तमाशापट यांपासून आपली माणसे चार हात दूर राहिली आणि जलशांतून, गायनपार्ट्यांतून त्यांनी नवा सूर शोधला. तो बाणा योग्यच होता. पण कलेच्या बाजाराला नकार देणे वेगळे आणि कलावंताला विसरणे वेगळे.

आता अण्णाभाऊ साठ्यांकडे वळू. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. तमाशातल्या स्त्रीच्या जगण्यावरची त्यांची 'वैजयंता' १९६१ मध्येच पडद्यावर आली. 'फकिरा'वरही चित्रपट निघाला. १९६९ या एका वर्षात त्यांच्या तीन कादंबऱ्यांवर तीन चित्रपट आले. 'आवडी'चा झाला 'टिळा लावते मी रक्ताचा', 'माकडीचा माळ'चा झाला 'डोंगरची मैना' आणि 'चिखलातील कमळ'चा झाला 'मुरळी मल्हारीरायाची'. वाचकहो, ही नावे नीट पाहा! 'माकडीचा माळ' म्हटले की भटक्यांची पालं दिसतात. 'डोंगरची मैना' म्हटले की फक्त नायिका दिसते. पाल गेले, मैना उरली! कादंबरीतला समाज पडद्यावर येईपर्यंत कसा गाळला जातो, याचा हा पुरावा आहे. आणि त्याच वर्षी १८ जुलैला अण्णाभाऊ गेले. ज्यांच्या कथांवर चित्रपट निघत होते त्या लेखकाच्या आयुष्याची बहुतेक वर्षे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात आणि घाटकोपरच्या चिरागनगरात गेली.

माटुंग्याचे नाव निघाले म्हणून पुढची गोष्ट सांगणे भाग आहे. बाबुराव बागूल वाढले तेही माटुंग्याच्या लेबर कॅम्पात. आणि त्याच माटुंग्यात, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, चाळीसच्या दशकाच्या अखेरीस एक तरुण वेल्डिंगचे काम शिकत होता. त्याचे नाव शंकरदास केसरीलाल. दिवसा ठिणग्या झेलायच्या आणि संध्याकाळी इप्टाच्या मंचावर कविता म्हणायच्या. राज कपूर यांनी त्याच्या कवितेला चित्रपटासाठी मागणी घातली तेव्हा त्याने साफ नकार दिला. कविता विकायची नाही! पुढे संसाराची अडचण आली, तेव्हा तो स्वतः राज कपूर यांच्याकडे गेला आणि 'बरसात' (१९४९) साठी गीते लिहिली. हाच तो शैलेंद्र. 'बंदिनी'ची बहुतेक आणि 'गाईड'ची सगळी गीते त्याची. ज्याला लोक सुवर्णयुग म्हणतात त्या युगाची जीभ म्हणजे शैलेंद्र!

शैलेंद्रचे घराणे मूळचे बिहारमधल्या आरा भागातले, जात चांभार. ही गोष्ट सर्वसामान्य प्रेक्षकाला कधी कळली? त्याच्या निधनानंतर साडेचार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर 'अंदर की आग' हा त्याचा कवितासंग्रह निघाला आणि त्याच्या मुलाने प्रस्तावनेत ती लिहिली, तेव्हा! तोपर्यंत कोट्यवधी लोकांनी ती गीते गुणगुणली. लग्नात, प्रवासात, एकांतात. ती कुठल्या घरातून आली हे त्यांना ठाऊक नव्हते. शैलेंद्रने जात सांगितली नाही की कुणी विचारली नाही, याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेत नाही. पण तो ज्या दशकात लिहीत होता त्याच दशकात बागुलांचे पुस्तक आले आणि त्याचे नाव होते 'जेव्हा मी जात चोरली होती'. त्या काळात जात उघडी पडण्याची किंमत काय होती, हे समजायला एवढे पुरे आहे.

काही लोक लगेच म्हणतील, कलावंताला जात नसते. तुम्ही शैलेंद्रलाही जातीत कोंबता! त्यांना आमचे उत्तर स्पष्ट आहे. एखादा संगीतकार वेदशास्त्रसंपन्न घरातला असेल तर त्याच्या चरित्राचे पहिले प्रकरण घराण्याच्या संस्कारांवर असते. तेव्हा कुणी म्हणत नाही की कलेला जात नसते. आमच्या घरातला माणूस निघाला की मात्र कला अचानक जातिनिरपेक्ष होते! शैलेंद्र सगळ्यांचा आहे आणि सगळ्यांचाच राहावा. आम्हाला तो परत मागायचा नाही. आम्हाला एवढेच सांगायचे आहे की तुमच्या सुवर्णयुगात आमचेही श्रम आहेत, आणि ते सोने घडवणाऱ्यांत आमचाही हात होता.

त्याच शैलेंद्रने निर्माता होऊन केलेला चित्रपट म्हणजे 'तीसरी कसम' (१९६६). फणीश्वरनाथ रेणू यांची कथा, त्यांचेच संवाद, बासु भट्टाचार्य यांचे दिग्दर्शन, सुब्रत मित्र यांचा कॅमेरा. हिरामण नावाचा साधा गाडीवान आणि त्याच्या बैलगाडीतून जत्रेला निघालेली नौटंकीतली हिराबाई. बस, एवढीच कथा. पण जे आपल्या तमाशापटांना क्वचितच साधले ते इथे साधले आहे. जमीनदाराला वाटते ही बाई विकत मिळते. हिरामणला वाटते ही देवी आहे. आणि हिराबाईला कळते की दोघांपैकी कुणालाही ती माणूस म्हणून दिसत नाही. हिरामणचे मात्र मन स्वच्छ आहे, म्हणून त्याच्या भाबडेपणाला तडा जाऊ नये यासाठी ती निघून जाते. वहिदा रेहमानने हे सारे चेहऱ्यावर पेलले आहे. घुंगरू बांधणाऱ्या बाईला दासी किंवा देवी या दोनच जागा देणाऱ्या समाजाला हा चित्रपट आवाज न चढवता आरसा दाखवतो. वितरकांना गोड शेवट हवा होता असे सांगतात. शैलेंद्रने तो दिला नाही. चित्रपट सुरुवातीला चालला नाही, कर्ज झाले आणि १४ डिसेंबर १९६६ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, शैलेंद्र गेला. त्यानंतर 'तीसरी कसम'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पदक घ्यायला तो नव्हता.

मग जुना सिनेमा पाहायचा कसा? आमचे म्हणणे थोडक्यात असे. पहिली गोष्ट, चित्रपट पूर्ण पाहावा. मोबाइलवर गाण्याचा तुकडा पाहून चित्रपट पाहिल्याचे समाधान मानू नये. जुन्या चित्रपटांची चाल संथ असते. तिला वेळ द्यावा लागतो. दुसरी, सुरुवातीची नामावली वगळून पुढे जाऊ नये. कथा कुणाची, गीते कुणाची, कॅमेरा कुणाचा हे वाचावे, कारण आपली माणसे बहुधा तिथेच सापडतात. तिसरी, पडद्याच्या कडेला पाहावे. नायक-नायिका बोलत असताना मागे पाणी कोण भरते, गाडी कोण हाकते, झाडलोट कोण करते आणि त्यांना नाव दिले आहे की नाही? चौथी, जे चांगले आहे त्याला चांगले म्हणायला कचरू नये. नूतनचा अभिनय चांगला आहे असे म्हटल्याने 'सुजाता'चा गांधीवाद आपल्याला चिकटत नाही.

चळवळीच्या कार्यकर्त्यांपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. आपल्या विहारांत, समाजमंदिरांत, वसतिगृहांत आता पडदा आणि प्रोजेक्टर मिळणे अवघड राहिलेले नाही. १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीला मिरवणूक काढावीच, पण संध्याकाळी त्यांच्या कथेवरचा एक चित्रपट लावावा आणि कादंबरीचे मूळ पान वाचून दाखवावे. १४ डिसेंबरला 'तीसरी कसम' दाखवावा. 'सुजाता' आणि 'सुवर्णरेखा' एकापाठोपाठ दाखवून मुला-मुलींना बोलू द्यावे. भाषण देणाऱ्यांनी त्या दिवशी शेवटी बसावे! ज्येष्ठांना चित्रपटगृहाच्या आठवणी आहेत, तरुणांकडे प्रश्न आहेत. या दोघांची गाठ घालून देणे हेही प्रबोधनच आहे.

हे कशासाठी, असे कुणी विचारील. उत्तर आपल्या डोळ्यांपुढे आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मध्ये डुक्कर उचलून नेणारे कुटुंब शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या, जोतिबांच्या, सावित्रीमाईंच्या चित्रांसमोरून जाते. घाटावरच्या पुतळ्यापासून या भिंतीपर्यंत यायला भारतीय पडद्याला चोपन्न वर्षे लागली. दक्षिणेत पा. रंजित, मारी सेल्वराज यांनी तीच वाट धरली आहे. आपली मुले आज हातात कॅमेरा घेत आहेत. ज्याला नवी भिंत बांधायची आहे त्याला जुनी भिंत कुठे भक्कम होती आणि कुठे पोकळ, हे हाताने ठोकून पाहावे लागते. साठच्या दशकाचा सिनेमा ही ती जुनी भिंत आहे. तिच्यापुढे हात जोडायचे नाहीत आणि ती न पाहता पाडायचीही नाही. तिच्यातल्या आपल्या विटा मोजायच्या आहेत आणि त्यांच्यावर आपली नावे लिहायची आहेत.